तिसऱ्या सिलिंडरचे मिसिंग: डायरेक्ट इंजेक्शन इंजिनाच्या प्रकल्प नोंदी

गाडी: चार सिलिंडर, १.५ लिटर, टर्बो, डायरेक्ट इंजेक्शन (थेट सिलिंडरमध्ये फवारणारे) पेट्रोल. इंजेक्टर हेडच्या बाजूला, इनटेक मॅनिफोल्डच्या खाली. सोलेनॉइड (विद्युतचुंबकाने उघडणाऱ्या) प्रकारचे. धाव सुमारे ९२,००० किमी. तक्रार अशी की सकाळच्या पहिल्या स्टार्टला इंजिन मिनिटभर थरथरते, मग सुरळीत चालते. गरम इंजिन बंद करून अर्ध्या तासाने सेल्फ मारला तर तो लांबतो आणि सायलेन्सरमधून कच्च्या पेट्रोलचा वास येतो. चेक इंजिन दिवा कायम लागलेला आहे, लुकलुकत नाही.

हा फरक आधी पाहायचा. दिवा लुकलुकत असेल तर मिसिंग (सिलिंडरमधले मिश्रण न जळणे) इतके आहे की न जळलेले पेट्रोल आणि उरलेला ऑक्सिजन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतो आणि कन्व्हर्टर आतून वितळू शकतो. अशी गाडी चालवून तपासू नये, उभ्या जागीच तपासावी.

४ ऑक्टोबर

स्कॅनर लावला. साठवलेले कोड पी०३०० आणि पी०३०३. पहिला म्हणजे विखुरलेले मिसिंग, दुसरा म्हणजे तिसऱ्या सिलिंडरचे. इंजेक्टरच्या वायरिंगचा पी०२०३ नाही, मिश्रण पातळ (पेट्रोल कमी) असल्याचा पी०१७१ नाही, रेलमधला (चारही इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतला) दाब कमी असल्याचा पी००८७ही नाही. नसलेले कोड लिहून ठेवणे तितकेच उपयोगाचे असते, कारण त्यांनी अर्धे रस्ते बंद होतात.

कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेम (कोड पडला त्या क्षणाची नोंद) उतरवून घेतली: कूलंट २१ अंश, ११५० आरपीएम, लोड २८ टक्के, लाँग टर्म फ्युएल ट्रिम (इंजिनाच्या संगणकाने पेट्रोलच्या मात्रेत केलेली दुरुस्ती) उणे ७.८ टक्के. म्हणजे घटना थंड इंजिनावर, आयडलिंगला, मिश्रण आधीच जाड (पेट्रोल जास्त) असताना घडली. कोड पुसला की ही माहिती कायमची जाते.

स्कॅनरच्या मोड ०६ मध्ये, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या चाचण्यांच्या निकालांत, सिलिंडरनिहाय मिसिंगची मोजणी असते. कॅन प्रणालीच्या (गाडीतल्या संगणकांना जोडणाऱ्या जाळ्याच्या) गाड्यांत ए२ म्हणजे पहिला सिलिंडर, ए३ दुसरा, ए४ तिसरा, ए५ चौथा. प्रत्येकाखाली ०सी ही चाचणी चालू किंवा शेवटच्या फेरीची (इंजिन सुरू केल्यापासून बंद करेपर्यंतची) संख्या देते आणि ०बी ही मागच्या दहा फेऱ्यांची भारित सरासरी देते. इथे ए४ खाली १४६, ए२ खाली ३, बाकीचे शून्य. पी०३०० आला असला तरी मिसिंग विखुरलेले नाही, एकट्या तिसऱ्याचे आहे. नुसता कोड वाचून चारही इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगीचे व्होल्टेज देणाऱ्या) बदलण्याची घाई बरेच जण करतात. ही मोजणी पाहायला दोन मिनिटे लागतात.

एक लक्षात ठेवायचे: ईसीयूला (इंजिनाच्या संगणकाला) मिसिंग थेट दिसत नाही. क्रँक सेन्सरवरून प्रत्येक पॉवर स्ट्रोकनंतर क्रँकशाफ्ट किती वेगाने पुढे सरकला हे तो मोजतो आणि वेग कमी पडला की मिसिंग धरतो. म्हणून खडबडीत रस्त्यावर किंवा फ्लायव्हील बदलून सेन्सरचे री-लर्न (नव्याने जुळवणी) केले नसेल तर खोटी मोजणीही होते. इथे थरथर हातालाही लागते, तेव्हा ती शंका नाही.

५ ऑक्टोबर

अदलाबदल. तिसऱ्याची कॉइल पहिल्यावर, तिसऱ्याचा प्लग दुसऱ्यात. कॉइल आणि प्लग वेगवेगळ्या सिलिंडरवर हलवायचे. दोन्ही एकाच जागी नेले आणि मिसिंग तिकडे गेले, तर दोषी कोण ते पुन्हा शोधावे लागते.

प्लग काढताना इंजिन थंड हवे. गरम ॲल्युमिनियमच्या हेडमधून प्लग काढताना आटे सोलवटतात. काढण्याआधी प्लगच्या विहिरीत हवा मारून कचरा उडवला. पहिला, दुसरा, चौथा प्लग फिकट तपकिरी, कोरडा. तिसरा काळा, काजळी मखमली आणि ओलसर, पेट्रोलचा स्पष्ट वास. चारही गॅप ०.७ ते ०.७५ मिमी. पोर्सेलीनवर तडा किंवा काळी उभी रेघ नाही. कॉइलच्या रबरी बुटात तेल नाही. बसवताना प्लग हाताने शेवटपर्यंत फिरवून मगच टॉर्क पाना, आकडा त्या इंजिनाच्या मॅन्युअलमधला.

कोड पुसले. उद्या सकाळी थंड स्टार्ट.

६ ऑक्टोबर

मिसिंग तिसऱ्यातच राहिले. ए४ खाली ८८, पहिला आणि दुसरा शून्य. कॉइल आणि प्लग संशयातून सुटले.

शिवाय लक्षणेही स्पार्कच्या बाजूने नव्हती. कॉइल थकली की मिसिंग बहुधा लोडखाली दिसते: चढावर, वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की, कारण सिलिंडरमधला दाब वाढला की ठिणगीला जास्त व्होल्टेज लागते. इथे उलटे आहे. लोडवर गाडी उत्तम ओढते, आयडलिंगला बिघडते.

८ ऑक्टोबर

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडर किती दाब धरतो ते. इंधन पंपाचा फ्यूज काढला, चारही कॉइल आणि इंजेक्टरचे कनेक्टर सोडले, चारही प्लग काढले, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरीला चार्जर. प्रत्येक सिलिंडरला सहा स्ट्रोक.

पहिला १२.४, दुसरा १२.६, तिसरा १२.१, चौथा १२.५ बार. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त यांत साधारण ४ टक्के फरक. १० टक्क्यांच्या आत असेल तर कॉम्प्रेशनला दोष देता येत नाही. तिसऱ्यात चमचाभर तेल घालून पुन्हा मोजले: १२.५. थोडे वाढले, कारण पेट्रोलने त्या भिंतीवरचा तेलाचा पातळ थर धुतलेला आहे. व्हॉल्व्ह गळत असता तर तेल घालून आकडा हलला नसता.

पहिला स्ट्रोक किती उठतो तेही बघावे. निरोगी सिलिंडर पहिल्याच स्ट्रोकला निम्म्याच्या वर जातो. एकूण आकडा बरा, पण पहिला स्ट्रोक दुबळा असेल तर रिंगांवर संशय घ्यावा.

११ ऑक्टोबर

ट्रिम आणि दाब. गरम इंजिन, आयडलिंग: शॉर्ट टर्म उणे ३, लाँग टर्म उणे ९. २५०० आरपीएमला लाँग टर्म उणे २. ट्रिम उणे म्हणजे ईसीयू पेट्रोल कमी करत आहे, म्हणजे कुठून तरी हिशेबाबाहेरचे पेट्रोल येते आहे. आयडलिंगला जास्त आणि वेग वाढला की कमी, हे थेंबाथेंबाने गळणाऱ्या इंजेक्टरचे चित्र आहे. गळती तेवढीच राहते. आयडलिंगला एकूण इंधनच थोडे असल्यामुळे तिचा वाटा मोठा दिसतो. हवा चोरणाऱ्या मॅनिफोल्ड गळतीत हेच उलट, अधिक चिन्हासह दिसते.

डिपस्टिक: तेल वरच्या खुणेच्या ४ मिमी वर, पातळ, पेट्रोलचा वास. हे तेलही ट्रिम बिघडवते, कारण क्रँककेसमधली पेट्रोलची वाफ पीसीव्हीमधून पुन्हा इनटेकमध्ये येते. पीसीव्हीची नळी सोडून दोन्ही तोंडे थोडा वेळ बंद केली तेव्हा आयडलिंगची लाँग आणि शॉर्ट मिळून बेरीज उणे १२ वरून उणे ८ वर आली. म्हणजे तिसरा हिस्सा तेलाचा, उरलेला खऱ्या गळतीचा.

तेलात पेट्रोल उतरायला दुसरी वाटही असते: हाय प्रेशर पंपाच्या पिस्टनचे सील. हा पंप कॅमशाफ्टवरच्या लोबने चालतो आणि सील फाटले की पेट्रोल सरळ हेडमध्ये उतरते. त्यात मात्र एकच सिलिंडर ओला होत नाही.

आता दाब. चालू इंजिनात आयडलिंगला रेल ५० बार, ॲक्सिलरेटर दाबल्यावर १५० च्या वर. आकडा मागणीबरोबर चालतो, पंप ठीक. इंजिन बंद करून चावी लगेच ऑनला ठेवली आणि रेलचा आकडा बघत राहिलो. निरोगी यंत्रणेत बंद केल्यावर दाब आधी थोडा चढतो, कारण गरम हेडमुळे कोंडलेले पेट्रोल फुगते; मग हळूहळू उतरतो. इथे चढलाच नाही. चार मिनिटांत ५० वरून ६ बार. तरी एवढ्यावर इंजेक्टर ठरवता येत नाही, कारण पंपाचा आउटलेट व्हॉल्व्ह मागे सोडत असेल तरी आकडा असाच पडतो.

१२ ऑक्टोबर

निर्णायक चाचणी: बोरस्कोप. इंजिन पूर्ण गरम करून बंद केले, तीस मिनिटे तसेच ठेवले. चारही कॉइलचे कनेक्टर सोडलेले, बॅटरीचे ऋण टोक काढलेले, खोली मोकळी, अग्निशामक हाताशी. प्लगच्या भोकातून कॅमेरा उतरवला.

पहिला, दुसरा, चौथा पिस्टन: कोरडा, करडा-काळा थर. तिसरा: इंजेक्टरच्या बाजूचा माथा धुऊन निघाल्यासारखा स्वच्छ, त्यावर ओलावा, आणि इंजेक्टरच्या टोकाला लोंबता थेंब. कॅमेरा तसाच धरून ठेवला तेव्हा थेंब पडला आणि दुसरा जमू लागला.

निदान इथे संपले. इंजेक्टर बाहेर काढण्याचा निर्णय या चित्रावर घ्यायचा, कोडवर नाही. बाजूने बसवलेल्या डायरेक्ट इंजेक्टरपर्यंत पोचायला मॅनिफोल्ड उतरवावा लागतो, सील आणि पाइप नवे लागतात. नुसत्या संशयावर हे काम काढू नये.

१३ ऑक्टोबर

रोध: १.५, १.५, १.६, १.५ ओहम, मीटरच्या वायरींचा ०.२ वजा करून. वाइंडिंग शाबूत.

इथे इशारा. हे इंजेक्टर पोर्ट इंजेक्टरसारखे (इनटेकमध्ये फवारणाऱ्या साध्या इंजेक्टरसारखे) साध्या १२ व्होल्टवर चालत नाहीत. ईसीयू कपॅसिटरमध्ये सुमारे ६५ व्होल्ट साठवून त्याचा झटका देतो, प्रवाह क्षणभर १० अँपिअरच्या आसपास नेतो आणि मग आतली सुई उघडी धरून ठेवायला २ ते ३ अँपिअरवर आणतो. म्हणून चालू इंजिनात कनेक्टरला टेस्ट लॅम्प लावू नये. बॅटरी थेट लावणे तर अजिबात नको: १.५ ओहमवर १२ व्होल्ट म्हणजे ८ अँपिअर, जवळजवळ १०० वॉट उष्णता. वाइंडिंग काही सेकंदांत भाजते. पिएझो इंजेक्टर असतील (त्यांचा रोध १०० किलोओहमच्या वर दिसतो) तर घरी हात लावू नये. त्यांचे व्होल्टेज १०० च्या पुढे जाते, आणि चालू इंजिनात कनेक्टर ओढला तर इंजेक्टर उघडाच राहू शकतो.

टाकीत पॉलीईथरअमाइन (इंधनाचे थर सोडवणारे रसायन) असलेला क्लीनर, डब्यावर लिहिलेल्या मात्रेत. मोठी आशा नाही, पण सीटवर (सुई जिथे टेकून भोक बंद करते तिथे) मऊ थर अडकला असेल तर एवढ्यावरही भागते.

२५ ऑक्टोबर

टाकी संपली. आयडलिंग जरा गुळगुळीत. दाबाची उतरण चारऐवजी पाच मिनिटे. थेंब कायम. काढायचे ठरले.

सामान मागवले: टोकाच्या चार टेफ्लॉन रिंगा, वरच्या चार ओ-रिंगा आणि त्यांच्या आधार-रिंगा, चार पकड-क्लिपा, डीकपलिंग (कंपन अडवणारे) वॉशर, पंप ते रेल हाय प्रेशर पाइप, मॅनिफोल्डचे गॅस्केट, तेल आणि फिल्टर. हा पाइप बहुतेक उत्पादक एकदाच वापरायचा म्हणून देतात, कारण त्याचे शंकूसारखे टोक पहिल्यांदा कसताना बसणीच्या आकारात दबते. दुसऱ्यांदा ते तसेच बसेल याची खात्री नसते, आणि १५० बारच्या पेट्रोलशी असला जुगार खेळायचा नसतो.

अवजारे: त्या इंजेक्टरच्या मापाचा पुलर आणि सरकता हातोडा, टेफ्लॉन रिंग चढवायचा शंकू आणि आवळायची नळी. शंकू आणि नळी नसेल तर काम सुरूच करू नये. रिंग हाताने चढवता येते, पण ती ताणलेलीच राहते आणि भोकात जाताना दुमडते.

१ नोव्हेंबर

दाब उतरवणे. पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवले, वर दोनदा सेल्फ. स्कॅनरवर रेल ४ बार. मग इंजिन पूर्ण थंड होऊ दिले. गरम असताना आकडा शून्याजवळ आला तरी उष्णतेने तो पुन्हा चढतो, म्हणून नट सैल करण्याच्या अगदी आधी पुन्हा वाचायचा. बॅटरी सोडली. नटावर जाड फडके गुंडाळून पाव फेरा, थांबून, मग पुढे. चष्मा आणि हातमोजे घालूनच. दाबाखालच्या इंधनाची बारीक धार कातडीखाली शिरली तर वरून टाचणीएवढी खूण दिसते आणि आत ऊतक मरत जाते. दुखत नसले तरी तत्काळ शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरकडे जायचे.

मॅनिफोल्ड उतरला. इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर तेलकट काळा थर, पण पातळ. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल या व्हॉल्व्हवरून कधी वाहतच नाही, त्यामुळे पीसीव्हीची तेलवाफ तिथे भाजून साचते आणि टाकीतला कोणताही क्लीनर तिथवर पोचत नाही. ज्या सिलिंडरचे दोन्ही इनटेक व्हॉल्व्ह बंद त्याच्या इनटेकच्या वाटेत क्लीनर भरून मुरवला, नायलॉन ब्रशने सोडवला, व्हॅक्यूमने ओढून घेतला, फडक्याने टिपला. मग क्रँक फिरवून पुढचा. थर जाड असता तर अक्रोडाच्या टरफलांचा मारा हाच उपाय होता.

रेलचे बोल्ट आतून बाहेर, थोडे थोडे सैल. रेल सरळ मागे. दोन इंजेक्टर रेलबरोबर आले, दोन हेडमध्ये राहिले. पुलरने ओढ नेहमी इंजेक्टरच्या अक्षावर द्यायची. प्लॅस्टिकच्या कनेक्टरला पकडून हलवले की आतले वाइंडिंगचे जोड तुटतात आणि चांगला इंजेक्टर वाया जातो. तिसरा सर्वांत घट्ट होता, टोकाभोवती कार्बन चढलेला. हातोड्याचे हलके ठोके, मध्ये थांबून, पुन्हा. जोर लावण्यापेक्षा वेळ द्यावा.

प्रत्येकाला सिलिंडरचा क्रमांक लगेच बांधला. अंगावर कोरलेले प्रवाह-कोडही (तो इंजेक्टर नेमके किती इंधन देतो ते सांगणारे) उतरवून घेतले; काही गाड्यांत ते ईसीयूत सिलिंडरवार भरलेले असतात. हेडची भोके स्वच्छ बुचांनी बंद, रेलची तोंडे टोप्यांनी.

२ नोव्हेंबर

धुण्याआधी मोजणे. आधी मोजले नाही तर धुण्याने काय साधले ते कधीच कळत नाही.

गळती: डिझेल नोझल तपासण्याचा हातपंप, योग्य ॲडॉप्टर, ज्वालांक (वाफ पेट घेण्याचे तापमान) जास्त असलेले कॅलिब्रेशन द्रव. पेट्रोल वापरू नये. इंजेक्टर पारदर्शक डब्यात, हात बाहेर. आधी ६० बार, मग ५ बार, प्रत्येकी एक मिनिट. दोन्ही दाब घ्यायचे कारण असे: या इंजेक्टरची सुई आतल्या बाजूला उघडते, त्यामुळे इंधनाचा दाबच तिला सीटवर दाबून धरतो. थोडी झिजलेली सीट ६० बारला कोरडी आणि ५ बारला ओली दिसू शकते. इंजिन बंद झाल्यावर या गाडीत काही मिनिटांत जवळपास तोच कमी दाब उरतो.

पहिला, दुसरा, चौथा दोन्ही दाबांना कोरडे. तिसरा ६० बारला २५ सेकंदांत एक थेंब, ५ बारला १० सेकंदांत एक.

इंधनाचा प्रवाह: विजेचा प्रवाह मर्यादेत ठेवून इंजेक्टरला पल्स देणारा ड्रायव्हर, ५ बार, ३ मिलिसेकंदांचे १००० पल्स, अरुंद मोजनळीत. मिलिलिटरमध्ये: पहिला ८.१, दुसरा ७.३, तिसरा ८.२, चौथा ८.०. कमी दाबावर सुई साध्या १२ व्होल्टच्या पल्सनेही उघडते. फवारा मात्र या दाबावर पाहून काही कळत नाही; सगळ्यांचाच जाड आणि दोरीसारखा दिसतो. म्हणून घरच्या चाचणीतून दोनच गोष्टी काढाव्यात: गळतो का, आणि चौघांत कोण कमी देतो.

दुसरा साधारण १० टक्के कमी आहे. त्याची तक्रार कुणी केली नव्हती.

३ नोव्हेंबर

धुणे. जुनी टेफ्लॉन रिंग ब्लेडने तिरकी, अर्ध्या जाडीपर्यंत कापून प्लॅस्टिकच्या टोकाने उचलली. खाचेच्या धातूवर ओरखडा उठला तर जळता वायू तिथूनच निसटतो आणि नवी रिंगही भाजते. टोकावरचा कार्बन क्लीनरमध्ये मुरवून मऊ ब्रशने काढला. तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, सुई यांपैकी काहीही नाही: भोके ०.२ मिमीच्या आसपास किंवा त्याहून बारीक असतात, त्यांच्या कडा बोथट झाल्या की फवाऱ्याचा आकार गेला.

अल्ट्रासॉनिक टाकी: पाण्यात मिसळायचा क्षारीय क्लीनर, ५० अंश, १५ मिनिटे. फक्त टोकाचे १५ ते २० मिमी बुडवायचे, कनेक्टर वर आणि कोरडा. टाकीत पेट्रोल किंवा थिनर घालणे म्हणजे आगीला बोलावणे.

नुसते बुडवून ठेवल्याने टोक बाहेरून स्वच्छ होते, सीट होत नाही, कारण सुई बंद असते. म्हणून त्याच ड्रायव्हरने १.५ मिलिसेकंदांचे पल्स, सेकंदाला दहा, वरून ५ बारने द्रव सोडत. अंग हाताला गरम लागले की थांबायचे. नंतर स्वच्छ द्रवाने दोनशे पल्स, कोरडी हवा कमी दाबाने. इनलेटची बारीक जाळी आतून न ओढता तशीच धुतली. ती सुटी मिळत नसेल तर काढू नये.

पुन्हा मोजणी. प्रवाह ८.२, ८.०, ८.२, ८.१. दुसरा सुधारला, त्याची भोके नुसती चोंदलेली होती. तिसऱ्याची गळती ६० बारला जवळपास बंद, ५ बारला ४० सेकंदांत एक थेंब. पुन्हा एक फेरी दिली, आकडा हलला नाही.

सीट झिजलेली आहे. धुणे कार्बन काढते, धातू परत आणत नाही. ४० सेकंदांना एक थेंब थोडा वाटतो, पण गरम इंजिन तासभर उभे राहिले तर एकाच सिलिंडरमध्ये शंभराच्या आसपास थेंब जाऊ शकतात. तिसरा नवा घ्यायचा, बाकी तीन परत बसवायचे.

८ नोव्हेंबर

नवा इंजेक्टर, तोच पार्ट नंबर. तपासला: दोन्ही दाबांना कोरडा, ८.१ मिलिलिटर. नवा आहे म्हणून न तपासता बसवू नये.

हेडमधली भोके: पिस्टन खाली, भोकाच्या तळाशी ग्रीस लावलेला फोमचा गोळा, नायलॉन ब्रश, व्हॅक्यूम, गोळा बाहेर, बोरस्कोपने खात्री. टेफ्लॉन रिंग जिथे सरकणार ती भिंत चमकली पाहिजे. तिथे राहिलेला कार्बनचा एक कण रिंगवर उभा चर पाडतो.

टेफ्लॉन रिंग कोरडी चढवायची. तेल नाही, ग्रीस नाही. शंकूवरून एका दमात, पण सावकाश सरकवून खाचेत. मग आवळायची नळी हलक्या हाताने फिरवत वर आणायची, अर्धा फेरा, तिथेच मिनिटभर धरायची. त्यानंतर अर्धा तास ठेवून द्यायचे; टेफ्लॉन हळूहळू मूळ मापावर येते. घाईने बसवलेली रिंग भोकाच्या तोंडाशीच कातरली जाते. वरच्या ओ-रिंगेला मात्र स्वच्छ इंजिन तेलाचा थेंब, आणि आधार-रिंग योग्य बाजूला. ही उलटी बसली तर ओ-रिंग दाबाने फटीत ढकलली जाऊन चिरते.

इंजेक्टर रेलमध्ये क्लिपांनी अडकवले, चारही टोके एका रेषेत भोकांवर धरली, रेल हाताने दाबून बसवली. मग बोल्ट आतून बाहेर, मॅन्युअलच्या टप्प्यांनी. बोल्टने ओढून इंजेक्टर आत घालायचे नाहीत. नवा पाइप: दोन्ही नट आधी बोटांनी पूर्ण, पाइप सहज बसतो याची खात्री, मग टॉर्क.

तेल आणि फिल्टर पहिल्या स्टार्टच्या आधीच बदलले. पेट्रोलने पातळ झालेल्या तेलावर इंजिन आणखी चालवण्यात अर्थ नाही, आणि जुने तेल ठेवले तर ट्रिमचे नवे आकडेही खोटे येतील.

९ नोव्हेंबर

चावी चार वेळा ऑन-ऑफ, कमी दाबावर सगळे सांधे पाहिले. कोरडे. नव्या इंजेक्टरचा कोड ईसीयूत भरला, जुनी फ्युएल ॲडॅप्टेशन (साठवलेल्या ट्रिम) पुसली. स्टार्ट. सुरुवातीला दोन सेकंद अडखळले, रेलमधली हवा निघेपर्यंत. आयडलिंगवर सांध्यांजवळ पुठ्ठा फिरवला, हात नाही. लांब दांड्याच्या आरशाने रेलची खालची बाजू. इंजेक्टरच्या बुडाशी टकटक किंवा फुसफुस नाही. ती आली असती तर टेफ्लॉन रिंग बसलेली नाही असे समजून तिथेच थांबायचे. गरम झाल्यावर, मग रस्त्यावर लोड दिल्यावर, पुन्हा सगळे सांधे. कोरडे.

१६ नोव्हेंबर

थंड स्टार्ट, कूलंट १८ अंश: ए२ ते ए५ सगळे शून्य. गरम आयडलिंगला लाँग टर्म उणे १, २५०० आरपीएमला अधिक १. इंजिन बंद केल्यावर रेल ४९ वरून आधी ५७ बारवर चढली, तीस मिनिटांनी ४१. गरम स्टार्ट अर्ध्या फेऱ्यात.

बोरस्कोप, तिसरा सिलिंडर, तीस मिनिटे उभे राहिल्यावर: टोक कोरडे.

कोड पुसल्यामुळे रेडीनेस मॉनिटर (ईसीयूच्या स्वतःच्या चाचण्या) अपुरे होते. मिसिंग आणि इंधन लगेच पूर्ण झाले, कॅटॅलिस्ट आज पूर्ण झाला आणि नापास नाही. डिपस्टिक जागच्या खुणेवर. १००० किमीनंतर पातळी पुन्हा पाहायची. चढली तर आता संशय हाय प्रेशर पंपाच्या सीलवर.